अनुभव धागा : अप-डाऊन करावं का खोली बघावी?

जालन्याहून संभाजीनगरला बदली झालीय. घर जालन्यातच ठेवून अप-डाऊन करावं का तिकडं भाड्यानं राहावं, घरात रोज हाच विषय. ज्यांनी केलंय त्यांनी आपापला हिशोब लिहा, "तुमच्यावर आहे" असलं उत्तर नको.

जालनेकर
अहो आधी सांगा ड्युटी कुठंय. मी रेल्वेचा पास काढतो, खोलीभाड्याच्या मानानं काहीच पैसे लागत नाहीत, पण वंदे भारतमधे हा पास चालत नाही बरं का, नवीन माणसाला ते टीसी भेटल्यावरच कळतं. आणि लाईन सिंगल, समोरून गाडी यायची असली की आपली करमाडला उभी, मग मस्टर गेलं बोंबलत. शेंद्रा एमआयडीसी तर जालना रोडवरच आहे, रेल्वेनं पार स्टेशनला उतरून उलटं मागं यायचं काही खरं नाही, तिथं बसच बरी. वाळूज असेल तर नादच सोडा, शहर पूर्ण ओलांडून जायचं, दिवस रस्त्यातच जाईल.

लातूरची मास्तरीण
आमच्याकडं नवरा लातूरला, मी अहमदपूरकडं शाळेवर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, मग घरात हिशोब निघाला की तू अर्ध्यात जातीस, त्याला फुल लागतं, म्हणून घर लातूरलाच ठेवू. पैशाचा हिशोब बरोबर आहे हो, पण रोजची दगदग माझ्याच वाट्याला आली ना! चाकूरला बस खच्चून भरती, पोरींची दप्तरं, कुणाचं तरी कोथिंबिरीचं गाठोडं पायात, आणि उभ्या उभ्या वह्या तपासता येत नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर स्वैपाक कुणी करायचा ते हिशोबात कुणी धरत नाही.

सातारा-देवळाईवाला
संभाजीनगरात भाडं नंतर विचारा, पाणी आधी. आमच्याकडं, म्हणजे शहराच्या कडेच्या सातारा-देवळाई भागात, भाडं कमी दिसलं म्हणून लोक येतात, मग टँकरचे पैसे सोसायटी वेगळे घेती. उन्हाळ्यात टँकर कधी येईल नेम नाही, घरातलं एक माणूस त्या दिवशी अडकलं म्हणून समजा. जायकवाडी एवढी जवळ असून ही गत आहे.

पोस्टातला
केंद्राची नोकरी असेल तर घरभाडं भत्ता पोस्टिंगच्या गावावर ठरतो, राहा कुठंही. त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे गट पाडलेत. संभाजीनगर, नांदेड वाय गटात, बेसिकच्या २० टक्के. जालना, लातूर, परभणी झेड, १० टक्के. म्हणजे तुम्ही जालन्यात राहून भत्ता २० नं घ्याल. पासाचे पैसे त्यातच निघतात, मी हेच करायलो.

उदगीरकर
थोडं अवांतर, पण लातूरला कुणी जाणार असेल तर दहावीच्या निकालाआधी खोली धरा. निकाल लागला की नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासची पोरं येतात आन ट्युशन एरियात खोली नाही, नुसती कॉट मिळती. घरमालक फॅमिलीला देतच नाहीत, एका खोलीत चार पोरं ठेवली तर त्यांना जास्त सुटतात. रेणापूर नाक्याच्या पलीकडं बघा, तिकडं अजून फॅमिलीला विचारतात.