विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट संस्थेच्या खरंच कामी यावा, तर काय करावं?

वस्ती_अभ्यासिका: पुण्यात पर्वती पायथ्याला आमच्या संस्थेच्या तीन अभ्यासिका चालतात. एका इंजिनिअरिंग कॉलेजची पाच मुलं दोन क्रेडिटच्या प्रोजेक्टसाठी येणार आहेत. त्यांना अ‍ॅप करायचंय. आम्हाला एवढंच हवंय की कुठलं मूल यायचं थांबलंय ते वेळेत कळावं. काम कसं आखावं?

प्रोजेक्ट_मार्गदर्शक: ताई, आधी तास मोजा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सेमिस्टरमध्ये 30 तास धरतात, म्हणजे पाच जणांचे 300. अहवाल, प्रेझेंटेशन, गणपती, परीक्षा वजा जाता निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. पहिले दोन आठवडे लॅपटॉप उघडू देऊ नका. संध्याकाळी बसून शिक्षिका हजेरी कशी घेतात ते त्यांनी बघावं. एका वहीत ‘ओंकार’, दुसरीत ‘ओमकार’ असतो. संगणकाला ती दोन मुलं वाटतात. म्हणून प्रत्येक मुलाला क्रमांक हवाच. एवढं झालं की गूगल शीट पुरते: नावं उभी, तारखा आडव्या, दर महिन्याला नवं पान, सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव लाल.

वस्ती_अभ्यासिका: पण कॉलेजच्या सरांना कोडिंग दिसायला हवंय, गुण त्यावरच आहेत.

प्रोजेक्ट_मार्गदर्शक: मग शीटलाच अ‍ॅप्स स्क्रिप्ट (शीटमध्येच कोड लिहायची गूगलची सोय) जोडू द्या. दर शनिवारी लाल नावांची यादी आपोआप मेलवर जाईल. तेही कोडिंगच आहे. आणि काही गुण संस्थेच्या हाती असावेत, हे सरांशी सुरुवातीलाच लेखी ठरवा.

संस्था_हिशेब: शीट संस्थेच्याच खात्यावर बनवा. कॉलेजचा मेल आयडी मुलं पास झाली की बंद होऊ शकतो, मग शीटही हातची जाते. पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायला (रिकव्हरीला) विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर देऊ नका. नाहीतर पुढे ओटीपीसाठी त्याला शोधत बसाल. चाचणीला खोटी नावं वापरा. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, तेव्हा प्रवेश अर्जातच सही घेऊन ठेवा. देणगीदारांच्या पॅन नंबरची फाइल मात्र या विद्यार्थ्यांच्या हाती अजिबात नको.

शेवटचे तीन आठवडे नवीन काहीही जोडायचं नाही. शिक्षिकेने एकटीने नवं मूल नोंदवायचं, पुढच्या महिन्याचं पान काढायचं. विद्यार्थ्यांनी शेजारी बसून बघायचं, माउसला हात लावायचा नाही. ती जिथे अडेल तेवढंच मराठीत, स्क्रीनशॉटसह, दोन पानांत लिहून घ्या.