आधी घर बांधून मग देश सोडावा, की आधी जाऊन राहावं?

ओळंबा (धागालेखक)

दुसऱ्या देशात कायमचं जायचं आणि तिथे स्वतःचं घर बांधायचं, हे ज्यांचं पक्कं ठरलंय त्यांच्यासाठी हा धागा. सगळीकडे एकच सल्ला मिळतो: आधी जा, वर्षभर भाड्याने राहा, मग बांधकामाचं बघा. मला तो पटत नाही. निघण्याच्या दीड-दोन वर्षं आधी जमीन घ्यावी, काम लांबून सुरू करावं आणि घर राहण्याजोगं झालं की संसार हलवावा.

भाड्याचं घर नव्या माणसाला सहज मिळत नाही. घरमालक तिथल्या पगाराच्या पावत्या आणि तिथल्या बँकेचं खातं मागतो. बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा मागते, आणि पत्ता तर घर मिळाल्याशिवाय नाही. मग अल्पमुदतीच्या महाग खोल्यांत महिने जातात. त्यातल्या अनेक खोल्यांवर पत्त्याची सरकारी नोंदणीही होत नाही. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं.

सामानाचंही तेच. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर माल मावतो, ४० फुटीत ६७. एवढा माल छोट्या भाड्याच्या घरात जात नाही, म्हणजे गोदामाचं भाडं, दोनदा हमाली आणि दोनदा तूटफूट. शिवाय घरभाडं आणि बांधकामाची बिलं एकाच वेळी भरायची. काम सहा महिने लांबलं की सहा महिन्यांचं भाडंही वाढलं.

होकायंत्र

असहमत. जमीन नावावर झाली म्हणून तिथे राहायचा हक्क मिळत नाही. जपानमध्ये परदेशी माणूस जमीन विकत घेऊ शकतो, पण त्यामुळे त्याला एका दिवसाचाही व्हिसा मिळत नाही. थायलंडमध्ये उलट आहे. राहण्याचा परवाना असला तरी सर्वसाधारणपणे जमीन नावावर होत नाही आणि कॉन्डोमिनियम (स्वतंत्र मालकीच्या फ्लॅटांच्या) इमारतीतही परदेशी मालकी ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंतच चालते. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यातलं घर बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं.

आणि हे नियम मध्येच बदलतात. घर घेऊन रहिवासी परवाना मिळवायची वाट पोर्तुगालने २०२३ मध्ये बंद केली. स्पेनची तशी योजना एप्रिल २०२५ मध्ये संपली. दीड वर्षाचं बांधकाम अशा नियमाच्या भरवशावर सुरू करणं धोक्याचं आहे. अर्ज नाकारला गेला तर अर्धवट घर विकावं लागतं, आणि अर्धवट घरावर बहुतेक बँका साधं गृहकर्ज देत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक फक्त रोख पैसेवाला. तो भाव पाडूनच मागणार.

ओळंबा

परवान्याआधी पाया खणा असं मी म्हणत नाही. परवाना मंजूर झाल्यावर आणि प्रत्यक्ष निघण्याआधी जो काळ हातात असतो, तो वापरा. काही देशांत नियमही बांधणाऱ्याच्या बाजूचे आहेत. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात परदेशी व्यक्तींना जुनी, बांधून तयार घरं घ्यायला जवळपास बंदी केली आहे, पण रिकामा भूखंड परवानगीने घेता येतो. अट एवढीच की घर चार वर्षांत पूर्ण करायचं.

होकायंत्र

तो काळ किती असतो ते मोजा. पोलीस दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांची मुदत बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते एक वर्ष धरतात, आणि देशात पहिलं पाऊल टाकायची शेवटची तारीख अनेकदा त्यावरूनच ठरते. त्यात दीड वर्षाचं बांधकाम बसत नाही.

ओळंबा

तारखेच्या आत आठवडाभर जाऊन यायचं आणि परत फिरायचं. कायम वास्तव्य टिकवायला किती दिवस राहावं लागतं, ते प्रत्येक देशाचं वेगळं आहे. कॅनडात पाच वर्षांत ७३० दिवस. एवढ्यात घर बांधून होतं.

पायाभरणी

मी धागालेखकाच्या बाजूने, पण एक अट आहे. लांबून होणारं बांधकाम देखरेख आणि पैसे सोडण्याची पद्धत या दोन ठिकाणी बिघडतं. कंत्राटदाराने सुचवलेला इंजिनिअर नको. स्वतंत्र इंजिनिअर नेमा, त्याचे पैसे तुम्ही द्या, भेटीमागे द्या आणि कोणत्या भेटी हे करारात लिहा: खोदाई झाल्यावर, सळई बांधल्यावर, प्रत्येक छत भरण्याआधी, नळ आणि वायरिंग भिंतीत झाकलं जाण्याआधी. झाकलं गेलेलं काम नंतर कोणी तपासू शकत नाही, म्हणून हे टप्पे चुकवायचे नाहीत.

काँक्रीट ओतण्याआधी सळईचे फोटो टेप लावून मागवा. सळ्यांमधलं अंतर दिसलं पाहिजे आणि कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई कडेपासून आत ठेवणारे ठोकळे, दिसले पाहिजेत. मातीला टेकणाऱ्या पायाच्या काँक्रीटमध्ये कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) साधारण ५० ते ७५ मिलिमीटर लागतं. ते कमी पडलं की ओल सळईपर्यंत पोचते, गंज फुगतो आणि काही वर्षांत काँक्रीटची खपली निघते. काँक्रीट मोठ्या प्रमाणात ओताल तेव्हा दर वेळी त्याचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे, काढून ठेवा. ७ दिवसांना साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, खरा निकाल २८ दिवसांचा. सातव्या दिवशीच आकडा फारच कमी आला तर वरचं काम थांबवा. २८ दिवस वाट पाहत वरचा मजला चढवू नका.

पैसे झालेल्या कामाच्या मोजमापावर सोडायचे. पाच ते दहा टक्के रिटेन्शन, म्हणजे दोष निघाल्यास हाताशी असावी अशी कंत्राटदाराच्या बिलातली रक्कम, ताब्यानंतर सहा महिने ते वर्षभर राखून ठेवायचं आणि एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के अनपेक्षित कामांसाठी वेगळे बाजूला. सामानाच्या नावाखाली मोठी आगाऊ रक्कम मागितली, तर माल साइटवर उतरल्याची पावती आल्यावरच द्या. एवढं पाळलं तर साइटवर रोज उभं राहायची गरज नाही.

उंबरठा

पायाभरणी यांनी लिहिलेलं सगळं चोख आहे, पण ते कामाच्या दर्जाबद्दल आहे. माझी हरकत जागेच्या निवडीला आहे. एका भेटीत पाहिलेली जमीन तुम्हाला वर्षातला एकच ऋतू दाखवते.

सांडपाण्याचंच बघा. गावाबाहेरच्या भूखंडाला गटार नसतं, म्हणजे सेप्टिक टँक आणि त्यातलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखंदक आले. त्यासाठी खड्डा खणून, तो भिजवून, पाणी किती वेगाने मुरतं ते मोजतात. २५ मिलिमीटर पाणी उतरायला ६० मिनिटांपेक्षा जास्त लागली तर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत साधा शोषखंदक मंजूर होत नाही. कोरड्या महिन्यांत ही चाचणी छान येते. ओल्या महिन्यांत भूजल वर येतं आणि तीच जमीन पाणी घेत नाही. मग मातीचा उंच भराव करून किंवा पंप लावून महागडी व्यवस्था करावी लागते, आणि ती मूळ अंदाजपत्रकात नसते.

थंड प्रदेशात जमीन काही खोलीपर्यंत गोठते. पाया आणि पाण्याची पाइपलाइन त्या खोलीच्या खाली गेली नाही तर गोठताना फुगणारी माती पाया उचलते आणि पाइप फुटतो. नकाशा उष्ण देशातल्या आर्किटेक्टकडून काढून घेतला की हे हमखास सुटतं. दक्षिण गोलार्धात जाणाऱ्यांनी तर दिशाच उलट्या धराव्यात. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेला मोठ्या खिडक्या काढल्या की बैठकीची खोली कायम गार.

जाण्याची तारीख घराच्या ताब्याला बांधली की घाईही होते. काँक्रीटच्या जमिनीवर घातलेला सिमेंट-वाळूचा थर चांगल्या हवेशीर जागेत दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाळतो, आणि ५० मिलिमीटरच्या पुढची जाडी त्याहून सावकाश. ६५ मिलिमीटरच्या थराला अडीच महिने सहज लागतात. विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, म्हणून त्यावर महिन्याभरात लाकडी फरशी बसते. खालची ओल वर येते, फळ्यांच्या कडा उचलतात आणि सगळं उपसावं लागतं. भाड्याच्या घरात बसलेला माणूस निदान थांबू शकतो.

ओळंबा

यातल्या बऱ्याच गोष्टी खरेदीच्या करारातच अट म्हणून घालता येतात. माती परीक्षण, पाणी मुरण्याची चाचणी, वीज कंपनीचं जोडणी किती अंतरावरून आणि किती खर्चात मिळेल याचं लेखी उत्तर, आणि रस्त्याला लागेपर्यंतचा वहिवाटीचा हक्क नोंदवलेला असणं. यातलं एकही जमलं नाही तर इसार परत. यासाठी वर्षभर तिथे राहायला नको.

उंबरठा

अट घालता येते, पण विक्रेता तिला मुदत घालतो. ती बहुधा काही आठवड्यांची असते. तेवढ्यात पावसाळा किंवा बर्फ वितळायचा काळ आला नाही तर चाचणीचा उपयोग काय? पाणी वर आल्याच्या खुणा मातीत शोधणारा जाणकार नेमला तर काही प्रमाणात निभावतं. खोदलेल्या खड्ड्यात करड्या आणि गंजट ठिपक्यांचा थर दिसला की तिथपर्यंत पाणी चढतं असं समजायचं. हे मात्र चाचणीच्या कागदावर मागून घ्यावं लागतं.

जमाखर्च

दोन्ही बाजूंनी कराचा मुद्दा सोडला आहे. दोन देश एकाच वर्षी तुम्हाला रहिवासी समजू लागले तर ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुना कर-करारानुसार पहिला प्रश्न वर्षात १८३ दिवस कुठे राहिलात हा नसतो. कायमचं घर कुठे उपलब्ध आहे, हे आधी बघतात. दोन्हीकडे असेल तर कुटुंब आणि आर्थिक संबंध कुठे जास्त, मग राहण्याची सवय कुठे, मग नागरिकत्व. म्हणजे परदेशातलं घर तयार होऊन तुमच्यासाठी मोकळं उभं असलं आणि इकडचं विकलं गेलं, तर तुम्ही हललेले नसतानाही प्रश्न उभा राहू शकतो. घर कोणत्या महिन्यात पूर्ण करायचं हे त्या देशाचं करवर्ष बघून ठरवा.

तयार घर रिकामं ठेवलं तर विम्याचं बघा. अनेक पॉलिसींत ३० किंवा ६० दिवस घरात कोणी नसलं की पाणी गळती आणि चोरीचं संरक्षण कमी होतं किंवा थांबतं.

भाड्याने राहणाऱ्यांनाही एक फटका आहे. युरोपीय संघात घरगुती सामानावरची जकात माफ व्हायला ते सामान जाण्याआधी निदान सहा महिने तुमच्या वापरात असावं लागतं, आणि तिथे स्थायिक झाल्यापासून १२ महिन्यांत आणावं लागतं. म्हणजे वर्षभर भाड्याने राहू, घर बांधू आणि मग सामान मागवू, असा बेत केला तर सवलत हुकते. नव्या घरासाठी मुद्दाम घेतलेले कोरे नळ आणि टाइल्स तर या सवलतीत बसतच नाहीत.

ओळंबा

हाच माझा मुद्दा होता.

होकायंत्र

त्यावर उपाय आहे. १२ महिन्यांच्या आत सामान एकाहून जास्त खेपांत आणता येतं. पहिली खेप बिछाने, भांडी, कपडे आणि कामाच्या वस्तूंची. दुसरी शेवटच्या दोन महिन्यांत, गोदामात का होईना पण देशात आलेली. कॅनडासारख्या देशात पहिल्या प्रवेशाच्या वेळीच मागून येणाऱ्या मालाची वेगळी यादी द्यावी लागते. ती दिली नाही तर नंतर आलेल्या वस्तूंवर कर लागू शकतो. यादीत मोघम ‘घरगुती वस्तू’ लिहू नका. प्रत्येक वस्तू, तिची किंमत, आणि यंत्र असेल तर मेक, मॉडेल आणि क्रमांक लिहा. लाकडी खोके आणि पॅलेट ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेले हवेत. शिक्का नसेल तर कंटेनर बंदरात अडकतो आणि डेमरेज, म्हणजे तो पडून राहिल्याचा आकार, रोज चढत जातं.