मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांसमोर माजी सैनिकांना बोलवायचंय, पण गेल्या वर्षीसारखं नको

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी नाशिक तालुक्यात, देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका आहे. तिसरी-चौथी एकत्र, पट एकतीस. आमच्याकडे फौज पुस्तकातून शिकवावी लागत नाही. तोफखान्याच्या सरावाच्या रेंजवर फायरिंग असलं की वर्गाची तावदानं थरथरतात आणि पोरं पाढे म्हणत राहतात. दचकतात ते फक्त तपासणीला आलेले साहेब.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. आपल्या लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले, म्हणून. आपल्याकडे नेमकी तेव्हाच संक्रांत, त्यामुळे हा दिवस पतंगाबरोबर उडून जातो. गेल्या वर्षी मी हट्टाने तो साजरा करायला लावला आणि हात पोळून घेतले.

पाच माजी सैनिक आले होते. त्यांना मांडवाच्या कडेला खुर्च्या, मधला सोफा प्रमुख पाहुण्यांना. पाहुणे पाऊण तास बोलले, त्यात सैनिक पाचेक मिनिटं. मुलांना भाड्याचे फौजी ड्रेस, बाह्या बोटांच्या खाली लोंबताहेत, हातात प्लास्टिकच्या बंदुका. मग ‘मुलांनो, प्रश्न विचारा’ झालं. एका पोराने सत्तरी ओलांडलेल्या एका बाबांना विचारलं, ‘‘तुम्ही किती माणसं मारली?’’

बाबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत डोळ्यांवर ठेवला. म्हणाले, ‘‘बस खाली, बेटा.’’ मी घाईघाईने टाळ्या वाजवायला लावल्या. कशासाठी ते आजतागायत मला कळलेलं नाही.

यंदा आधीपासून तयारी करावी म्हणून मुलांना सांगितलं, घरात, भावकीत, गल्लीत फौजेत कोण होतं ते विचारून या. नऊ हात वर आले. एका मुलीचा आला नाही. तिचे आजोबा फौजेत होते हे सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून मीच विचारलं. तर म्हणाली, ‘‘ते खरे फौजी नाहीत बाई. लंगरमध्ये होते. नुसत्या चपात्या करायचे.’’

मला पटकन काही सुचलं नाही, हे कबूल करते. तेव्हा अनुभवी लोकांनो, त्या मुलीला काय सांगू? मुलांनी काय विचारावं, काय विचारू नये? आणि शाल-श्रीफळ सोडून आठ-नऊ वर्षांचं मूल दुसऱ्याचा मान कसा ठेवू शकतं?

पिठलंभाकरी

शाल-श्रीफळ सोडून या शब्दांना +१. उत्तर माझ्याकडे नाही, वाचतेय.

दोन_चाकी

थोडं विरोधी मत. तिसरीच्या मुलांना युद्ध, शत्रू, बंदूक कशाला? ‘किती मारले’ हा प्रश्न मुलाचा नाही, त्याला आपण जे दाखवतो त्याचा आहे. शेतकरी आणा, परिचारिका आणा, सफाई कामगार आणा. सैनिकच का?

जुना_गोलंदाज

ताई, तोफखान्यात २४ वर्षं काढली. रंगरूट म्हणून नाशिक रोडच्या सेंटरला आलो आणि हवालदार होऊन घरी गेलो. (गोलंदाज म्हणजे तोफेवरचा, क्रिकेटचा नव्हे. नातवाला हे दर आठवड्याला सांगावं लागतं.)

आधी त्या पोराचं. त्याला रागावला नसाल अशी आशा करतो. हाच प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एसटीत आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना विचारून झालाय, आणि विचारणारा कुणी तिसरीतला नव्हता. आमचा गोळा वीस-पंचवीस किलोमीटरवर जाऊन पडतो. मध्ये डोंगर. पलीकडे काय झालं ते तोफेवरच्या माणसाला दिसत नाही. म्हणजे उत्तर मलाच ठाऊक नाही आणि मी शोधायलाही गेलो नाही. पोरांना एवढंच सांगा की काही गोष्टी माणूस फक्त घरच्यांना सांगतो, काही त्यांनाही नाही. घरातलं भांडण आपण वर्गात सांगतो का? हे त्यांना बरोबर कळतं. आणि येणाऱ्यालाही आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा की असा प्रश्न येऊ शकतो. गाफील धरलं की माणूस गप्प होतो. त्या बाबांचं तेच झालं असणार.

आता लंगरचं. हे वाचून मला राग आला, पोरीचा नाही, आम्हा सगळ्यांचा. आम्हीच घरी येऊन तोफा-बंदुकांच्या गोष्टी सांगतो आणि भाकरी देणाऱ्याचं नाव घेत नाही.

तिला असं सांगा. १५५ मिलिमीटरच्या तोफेचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. तुमच्या वर्गातली दीड-दोन पोरं एकत्र उचलल्यासारखं. तो गाडीतून उतरवायचा, तोफेपर्यंत न्यायचा, भरायचा, आणि लगेच दुसरा. कारगिलला तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे आणि रॉकेट डागली. ती काय उपाशीपोटी? अठरा हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवा, दाणा बोटाखाली टणकच राहतो. कुकर पाहिजे, आणि बर्फात त्याखालची शेगडी पेटती ठेवणारा माणूस पाहिजे. आम्हाला एकदा वर असताना तीन दिवस डबाबंद खाणं होतं. चौथ्या दिवशी गरम चपाती हातात आली. ती कुणी आणली त्याचा चेहरा मला आजही आठवतो, कमांडरचा कसाबसा आठवतो.

आणि लंगरवाल्याचंही ट्रेनिंग होतं. रायफल त्यालाही चालवावी लागते.

दोन_चाकी साहेब, आम्हालाही तेच नकोय. म्हणूनच सांगतो, पोरांना तोफेपेक्षा कुकर दाखवा.

निफाडचा_मास्तर

ताई, मीही जिल्हा परिषदेचाच. दोन चुका माझ्या खात्यावर आहेत, त्या तुम्ही करू नका.

पहिली, पत्रं. ‘सैनिकास पत्र’ म्हणून चाळीस मुलांकडून लिहून घेतली. फळ्यावर मीच नमुना लिहिला होता. चाळीसही पत्रांत ‘आपण आमचे प्रेरणास्थान आहात’. ज्यांना दिली ते गृहस्थ सज्जन, सगळी वाचली. शेवटी म्हणाले, ‘‘गुरुजी, अक्षर छान आहे.’’ तेव्हापासून मी फळा कोरा ठेवतो. पुढच्या वर्षी एकाने लिहिलं, ‘तुम्हाला थंडी वाजायची का, आमच्या शेळीला वाजते.’ त्याला दोन पानी उत्तर आलं.

दुसरी, गोष्टी निवडताना मी सगळे शहीदच निवडायचो. मुलांचा पक्का समज झाला की चांगला सैनिक म्हणजे मेलेला सैनिक. मग समोर खुर्चीवर जिवंत बसलेला माणूस त्यांना कमी वाटणार नाही तर काय? हल्ली मी रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगतो. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडं काढत, जखमी अवस्थेत, दिवसामागून दिवस रस्ता मोकळा करत गेले, कारण मागे रणगाडे थांबलेले. परमवीरचक्र मिळालं ते रस्ता साफ करण्याबद्दल. आणि मुरलीकांत पेटकर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले, आणि १९७२च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक. दोन्ही गोष्टींनंतर मुलं हमखास विचारतात, ‘‘मग ते मेले का?’’ राण्यांनी नोकरी पूर्ण केली, १९९४ साली गेले, असं सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. गोष्ट अशीही संपू शकते हे त्यांना नवीन असतं.

सशस्त्र सेना ध्वजदिन ७ डिसेंबरला येतो, तोही हाताशी धरा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं की निधीच्या स्टिकरची आणि त्यामागच्या कामाची माहिती मिळते. नुसते पाच-दहा रुपये गोळा करू नका, पैसे कुठे जातात तेही सांगा.

इतिहासखोर

अवांतर: देवळालीवरून इंग्रजीत एक शब्दच गेलाय, ‘डूलॅली’, म्हणजे डोकं फिरलेला. ब्रिटिश काळात मुदत संपलेले सोल्जर इथल्या छावणीत घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत पडून राहायचे, कधी कधी महिनोन्‌महिने. काम नाही, उकाडा, आजार. त्याला म्हणायचे ‘डूलॅली टॅप’, आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. चौथीला नाही सांगता येणार, पण लढाई संपल्यावरचं वाट बघणंही सैनिकाच्या वाट्याला येतं, हे तुमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर घडलंय.

लेक_सातपूरची

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

माझे वडील नोकरीत असताना गेले. लढाईत नाही, गाडीच्या अपघातात. मी दुसरीत होते. नंतर कितीतरी वर्षं २६ जानेवारीला आईला कुठल्या ना कुठल्या स्टेजवर बोलावलं जायचं. निवेदक तेच सांगणार, मागे तेच करुण संगीत लागणार, आणि आई रडेपर्यंत कुणाचं समाधान व्हायचं नाही. कपाटात अकरा शाली आहेत. तिने एकही अंगावर घेतली नाही, वर्षातून एकदा ऊन दाखवते.

त्या सगळ्या वर्षांत कुणी विचारलं नाही की ते कसे होते. सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी अंगणातला नळ दुरुस्त करायचे, मग आंघोळ. ट्रंकेच्या कुलपाची किल्ली जानव्याला बांधलेली असायची. पुरणपोळी दुधात कुस्करून खायचे. हे सांगायला आईला आवडलं असतं.

वीरपत्नींना बोलावणार असाल तर जरूर बोलवा, पण आधी घरी जाऊन विचारा, नाही म्हणायची मोकळीक द्या. स्टेज नको. मुलांच्या घोळक्यात सतरंजीवर बसवा. आणि ज्या मुलांचे वडील आत्ता बॉर्डरवर आहेत त्यांना त्या दिवशी पुढे उभं करू नका. मला उभं केलं होतं.

दोन_चाकी

वरचा प्रतिसाद वाचून माझा प्रश्न मागे घेत नाही, पण असा कार्यक्रम असेल तर माझ्या मुलीला मी पाठवेन.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. लेक_सातपूरची, तुम्हाला वेगळा निरोप केलाय.

काय ठरलं ते लिहिते. १४ला सुट्टी, म्हणून १३ला. पाहुणे नाहीत, माइक नाही, भाड्याचे ड्रेस नाहीत. सहा जण येतील, प्रत्येकाभोवती पाच-पाच मुलं. एका घोळक्यात सहावं बसेल, कारण तीस नाही, एकतीस आहेत. प्रश्न मुलांनीच काढले, मी फक्त एक खोडला. राहिलेल्यांतले काही: पिट्टूत (म्हणजे फौजीच्या पाठीवरच्या पिशवीत) काय काय असायचं? घरचं पत्र किती दिवसांनी यायचं? सुट्टी संपली की घरात कोण रडायचं? कुत्रा होता का? शेवटी मुलं तिळगूळ देणार, स्वतः वळलेला, त्यामुळे आकाराची हमी नाही. गेल्या वर्षीच्या बाबांच्या घरी मी जाऊन आले. प्रश्न विचारणारा पोरगाही सोबत होता, त्यानेच येतो म्हटलं. तिथे तो काहीच बोलला नाही, बाबांनी त्याला पेरू दिला. येणार आहेत.

कुकरची गोष्ट वर्गात सांगितली, नाव न घेता. ‘लंगरवाला नसता तर?’ यावर बरीच चर्चा झाली. एकाचं म्हणणं, बिस्किटं खाल्ली असती. ती मुलगी तेव्हा गप्पच होती. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘बाई, माझे आजोबा शंभर माणसांचं करायचे. मोजून.’’

संध्याकाळी आजोबांना फोन केला. आधी म्हणाले, ‘‘मी काय सांगणार बाई, मला बोलता येत नाही.’’ मी म्हटलं, बोलू नका, करून दाखवा. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग विचारलं, ‘‘शाळेत खिचडीची मोठी शेगडी आहे ना? परात केवढी आहे?’’

परात लहान आहे. शंभर जणांची कणीक मळता येईल एवढी परात नाशिक रोड किंवा भगूर बाजूला एका दिवसापुरती भाड्याने कुठे मिळेल? कुणाच्या ओळखीचा केटरर असेल तर निरोप करा.