लग्न दुबईत, पाहुणे लातूरचे. खर्च कुणी करायचा?

बालाघाटी
साडूच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत दुबईला आहे. पत्रिका व्हॉट्सॲपवर आली. हॉटेल कोणतं, हळदीला कपडे कोणत्या रंगाचे, सगळं लिहिलंय. व्हिसा-तिकिटाबद्दल चकार शब्द नाही. घरातल्या चौघांचे नवे पासपोर्ट काढायचे तर दीड हजारप्रमाणे सहा हजार इथंच गेले. त्यात ज्वारी काढणीला आलेली. माझं म्हणणं सरळ आहे: परदेशात नेणाऱ्यानं पाहुण्यांचा खर्च उचलावा, नाहीतर घरी पेढे पाठवावेत.

नांदेडकर_पुण्यात
काका, गावात मांडव घातला की दीड हजार पानं उठतात. त्यापायी रानं विकलेली आपण बघितलीत. तिथं साठ माणसांत उरकतं. आणि बोलावलं म्हणजे जायलाच पाहिजे असं कुठंय? जमत नाही म्हणून सांगायचं.

बालाघाटी
सांगून बघा एकदा, जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. आणि मुलीच्या पाठीशी मामा लागतो. त्यानं काय व्हिडिओ कॉलवर उभं राहायचं?

औंढ्याची_सून
पैशावर निवांत भांडा, आधी म्हाताऱ्या माणसांचे पासपोर्ट उघडून बघा. आमच्या चुलत सासूबाईंच्या पासपोर्टवर नुसतं नाव, आडनावाचा रकाना कोरा. 2022 पासून यूएई अशा पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा देत नाही. ऐनवेळी दुरुस्तीला धावलो. पासपोर्टची मुदतही सहा महिने शिल्लक पाहिजे.

रुखवतात अनारसे असतील तर खसखशीवर थापू नका. तिथं खसखस अमली पदार्थांत धरतात, बॅगेत सापडली तर थेट पोलीस केस. ओटीसाठी खोबऱ्याच्या वाट्याही नेऊ नका. सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. नारळ तिथं मीना बाजारात मिळतो. अंगावर जास्त सोनं असेल तर जातानाच मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट (सोनं इथूनच नेल्याचा दाखला) घ्या, म्हणजे येताना ड्युटीवरून वाद नको.

परळीचा_पाव्हणा
लग्नाला चाललाव का परीक्षेला? एवढं कामून करायचं माणसानं? बालाघाटी बरोबर बोलतेत.

नांदेडकर_पुण्यात
ही माहिती पत्रिकेसोबतच यायला पाहिजे, एवढं मान्य. पण खर्च सगळा यजमानाच्या गळ्यात नको. हॉटेल त्यांचं, तिकीट ज्याचं त्यानं, आणि आहेर बंद.

बालाघाटी
आहेर बंद म्हणतात, अन् मानपानाची साडी कमी भारी निघाली की बायका वर्षभर उणंदुणं काढतात. बरं, सूनबाई, एक सांगा. पत्रिकेत मुहूर्त 11.40 चा आहे, तो कुठल्या घड्याळाचा? दुबई आपल्या दीड तास मागं ना?

औंढ्याची_सून
ते गुरुजींना विचारा. आणि त्यांचा व्हिसा झालाय का, तेही विचारून घ्या.