अनुभव धागा : पुस्तकातला ‘बाहेरचा’ माणूस तुम्हाला कुठे भेटला?

नमस्कार मंडळी.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. गेल्या महिन्यात कामूची ‘द आउटसायडर’ दुसऱ्यांदा वाचली. १९४२ सालची फ्रेंच कादंबरी, गोष्ट अल्जीरियातली. कॉलेजात वाचली तेव्हा सगळं लक्ष नायकावर होतं. आई गेली तरी तो रडला नाही, आणि पुढे खुनाच्या खटल्यात सरकारी वकील त्या न रडण्यावरच घसरतो. लोकांना हवं तसं दुःख न दाखवणाऱ्याची काय गत होते, हे तेव्हा अंगावर आलं होतं. या वेळी मात्र दुसरंच खुपलं. ज्याचा खून झाला त्या अरब माणसाला अख्ख्या पुस्तकात नाव नाही.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या गेटवर कुरियर घ्यायला उभी होते. नोंदवही उघडी होती. पाहुण्यांच्या पानावर पूर्ण नावं. रोज कामाला येणाऱ्या बायकांच्या पानावर ‘बाई ३०२’, ‘बाई ५०४’, ‘पोळीवाली ६०१’. ५०४ म्हणजे आमचं घर. मावशी नऊ वर्षं आमच्याकडे येतायत. त्यांचं आडनाव आठवायचा प्रयत्न केला आणि कळलं, ते मला कधी ठाऊकच नव्हतं.

म्हणून हा धागा. परीक्षण नको. परका, उपरा, उतरंडीत खाली दाबलेला, लोकलाजेपायी पिचलेला माणूस कुठल्या पुस्तकात भेटला आणि तो तुमच्या घरात, गल्लीत, ऑफिसात कशाला जाऊन भिडला, ते लिहा. तुम्ही त्या गोष्टीत कुठल्या बाजूला होतात, तेही लिहा.

घणसोलीहून

आम्ही आगरी. १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यात आमची भातशेती गेली. शहर आमच्या बांधावर उभं राहिलं आणि आम्ही ‘गाववाले’ झालो. सहावीत मला सेक्टरातल्या शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात उठून म्हणालो, “बाई, मना दिसत नाय.” वर्ग खो खो हसला. बाईंनी ते वाक्य सुधारून माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तेव्हापासून घरात ‘मना’ आणि उंबऱ्याबाहेर ‘मला’. आज चाळिशी उलटली तरी तसंच.

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ मी नुसतं नाव बघून उचललं. वाटलं, हे आपलंच. उघडलं तर कैकाडी समाज, गाढवावर बिऱ्हाड, फोक तोडून आणायचे, टोपल्या विणायच्या, गावाबाहेर पाल ठोकायचं आणि चार दिवसांनी पुढचं गाव. निम्म्यावर पुस्तक मिटलं. आमच्यावर अन्याय झाला, त्यात शंका नाही. १९८४ ला जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, ते आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. पण जमीन गेली म्हणायला मुळात जमीन असावी लागते. आमच्या गावाबाहेर खाडीच्या अंगालाही अशीच पालं पडायची. आजी त्यांच्याकडून टोपल्या घ्यायची, घासाघीस करून. त्यांच्या बायका पाणी मागायला आल्या की वरून, हात न लावता, ओतायची. मी शेजारी उभा असायचो. हे आजवर कुठं बोललो नव्हतो.

तुर्भ्याहून

माझे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. गाव सातारा जिल्ह्यातलं. मानेच्या मागे, दोन्ही खांद्यांच्या मधोमध त्यांना गोणीचा घट्टा होता, लिंबाएवढा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे, तो जागचा हलायचा नाही. शाळेत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘नोकरी’ लिहायचे. ते खोटंही नव्हतं, १९६९ च्या कायद्यानं माथाडींना बोर्ड आहे, पगार आहे, फंड आहे. पण मी ते लपवायला लिहीत होते.

बारावीला नारायण सुर्वे वाचले. गिरणी कामगारानं उचलून वाढवलेलं मूल, कुठल्या आईबापाचं माहीत नाही, पुढे गिरणीत खपलं, शिपाई झालं, शिक्षक झालं, आणि ‘माझे विद्यापीठ’ लिहिलं. एका रात्री पप्पा जेवायला बसले होते, तेव्हा त्यातल्या दोन कविता मोठ्यानं वाचल्या. ते कविता-बिविता ऐकणारे नव्हेत. घास थांबवून ऐकत होते. मग म्हणाले, “यानं काम केलंय गं. नुसतं बघून लिहिलेलं नाय हे.” आणि परत जेवायला लागले.

पुढच्या वर्षी कॉलेजच्या फॉर्मवर ‘माथाडी कामगार’ लिहिलं. अक्षर जरा थरथरलं होतं.

ठाणे, घोडबंदर रोडवरून

आमच्या हौशी ग्रुपनं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवलं होतं. १९६७ चं नाटक. वेळ घालवायला मंडळी खोटा खटला खेळतात, आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात, आणि बघता बघता खेळ खरा होतो. मी कोर्टातल्या मंडळींपैकी एक होते. बेणारेवर सगळे तुटून पडतात तिथे मला जास्त जोर लावायला सांगितला होता. तालमीत तो जोर कसा सहज यायचा, याचं मला आता वाईट वाटतं.

कारण चार वर्षांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच दृश्य बघितलं. विषय होता पाणीगळतीचा. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या बाथरूममधून पाणी खाली झिरपत होतं. त्या एकट्या, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, मुलगा सात वर्षांचा. प्लंबरवरून बोलणं सुरू झालं आणि दहा मिनिटांत ‘रात्री किती वाजता येतात’, ‘सोडायला गाडी कुणाची असते’ इथवर पोचलं. सगळे हसून बोलत होते. नाटकातही हसूनच बोलतात. मला पुढचा संवाद पाठ होता म्हणा ना, तरी मी तोंड उघडलं नाही. मिनिट्सवर सही करून घरी आले. तीन महिन्यांत त्यांनी घर बदललं.

ऐरोलीहून

वरचे अनुभव मनापासून आलेत. एक फरक तेवढा सांगतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पुस्तकानं दुसऱ्याचं दुःख दाखवलं. मला माझं खोटं दाखवलं.

बाबुराव बागूलांची कथा, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. संग्रह १९६३ चा. रेल्वेत नोकरी लागलेला तरुण परगावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि उघड झाल्यावर मार खातो. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथं मला कुणी मारलेलं नाही, कुणी वाईट शब्दही बोललेलं नाही. पण अकरा वर्षं मी ६ डिसेंबरची रजा ‘घरगुती काम’ म्हणून टाकली. सकाळी आईला घेऊन चैत्यभूमीला जायचो, रांगेत सहा-सहा तास उभा राहायचो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी म्हणायचं, काल दादरला काय गर्दी, ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी म्हणायचो, हो ना.

त्या ‘हो ना’वर मी कधी विचार केला नव्हता. बागूलांच्या शीर्षकात ‘लपवली’ नाही, ‘चोरली’ आहे. स्वतःचीच वस्तू असून माणसाला चोर ठरवणारा तो शब्द वाचला आणि कितीतरी वेळ पुढचं पान उलटवेना. आईला कथा वाचून दाखवायला घेतली. मारहाणीपर्यंत आल्यावर ती म्हणाली, “बंद कर. मला माहितीये पुढं काय होतं.” तिनं ती वाचलेली नव्हती.

गेल्या डिसेंबरात रजेच्या अर्जावर कारण लिहिलं : महापरिनिर्वाण दिन. मॅनेजरनं दोन मिनिटांत मंजूर केली. अकरा वर्षं मी ज्याला भ्यायलो ते तिथं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही.

नौपाड्याहून, पुन्हा

सगळं वाचलं. ऐरोलीच्या दादांचं दोनदा वाचलं. घोडबंदरच्या ताई, त्या बाईंचा नंबर असेल तर अजूनही फोन करा असं मला वाटतं.

काल वॉचमनकाकांशी बोलले. नवीन वही आणली, आज सकाळी मावशींबरोबर खाली थांबले. काकांनी विचारलं, नाव? मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, “नुसतं का पुरं?” पुरं म्हटल्यावर त्यांनी स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव, तिन्ही सावकाश सांगितलं. रकाना छोटा, त्यात मावेना. आडनाव शेजारच्या फ्लॅट नंबरच्या रकान्यात गेलं.