मदत हवी आहे : कारागृहातील सिकलसेल रुग्णाला रात्री क्रायसिस (तीव्र वेदनेचा झटका) आल्यास तातडीने रुग्णालयात कसे पाठवता येईल?

सातपुड्याची_लेक
नमस्कार. मी खान्देशातील एका कारागृहाच्या दवाखान्यात परिचारिका आहे. धडगावकडचा एक तरुण बंदी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण आहे. बराकीला कुलूप लागल्यानंतर त्याची कंबर आणि मांड्या असह्य दुखू लागतात, तो गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडून राहतो आणि पहाऱ्यावरचे शिपाई पॅरासिटामॉलची एक गोळी देऊन त्याला सकाळपर्यंत थांबायला सांगतात. तो पावरी ही आदिवासी बोली बोलतो. वेदना किती आहे हे त्याला मराठीत सांगता येत नाही, त्यामुळे तो नाटक करतो असा समज पसरला आहे. वरिष्ठांशी बोलून झाले आहे, तो सल्ला कृपया नको. मी नसताना त्याला रुग्णालयात नेणे बंधनकारक होईल, असा लेखी मार्ग कोणता?

तापीकाठ
ताई, माहिती अपुरी आहे. तपासणीच्या कागदावर एस-एस (रुग्ण) लिहिले आहे की ए-एस (केवळ वाहक)? केवळ सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी झाली असेल, तर तिच्यावरून रुग्ण आणि वाहक यांतला फरक कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा अहवाल लागतो. क्रायसिस कमी करणारे हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू आहे का? वैद्यकीय अधिकारी पूर्णवेळ आहेत का?

मैदानी_गडी
कबड्डी खेळताना माझा गुडघा सुजायचा, तेव्हा बर्फाने शेकल्यावर तासाभरात आराम पडायचा. खान्देशातल्या मे महिन्यात तर गार पट्ट्या ठेवायलाच हव्यात.

सिव्हिलची_सिस्टर
दादा, सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, विळ्याच्या आकाराच्या पेशी आणखी अडकतात आणि वेदना वाढतात. कोमट शेक, भरपूर पाणी आणि वेळेवर वेदनाशामक, ही क्रायसिसमधली पहिली शुश्रूषा आहे. बराक तापलेली असली तरी बर्फ चालत नाही, पण त्याच उष्णतेने शरीरातले पाणी कमी होऊन क्रायसिस सुरू होऊ शकतो, म्हणून रात्री पाणी त्याच्या हाताशी असलेच पाहिजे. ताई, संध्याकाळी शेवटच्या फेरीत त्याचा माठ भरलेला आहे का, हे तुम्ही स्वतः पाहता का? शिवाय वेदनाशामकाच्या दोन गोळ्या त्याच्याजवळच ठेवू द्या.

कोर्टाची_पायरी
तो न्यायाधीन बंदी (कच्चा कैदी) असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० नुसार आजारी व्यक्तीच्या जामिनाचा स्वतंत्र विचार होऊ शकतो. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

सातपुड्याची_लेक
मी जामिनाविषयी विचारलेले नाही. तो प्रश्न त्याच्या वकिलांचा आहे. अहवाल एस-एसचा आहे आणि तो न्यायाधीन बंदी आहे. वैद्यकीय अधिकारी आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल त्याने घरून आणल्या होत्या. त्या प्रवेशाच्या वेळी जमा झाल्या आणि त्यानंतर सुरूच झाल्या नाहीत.

तापीकाठ
ही बाब पहिल्याच ओळीत हवी होती. तो उपचार खंडित झाल्याने क्रायसिस वारंवार येत असण्याची शक्यता मोठी आहे. कॅप्सूल पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तगणना करून घ्या आणि सुरू झाल्यावरही ती ठरावीक काळाने होत राहील, असे पाहा.

निवृत्त_औषधनिर्माता
मी अनेक वर्षे कारागृहाच्या औषध विभागात काम केले आहे. सिस्टर, गोळ्या बंद्याजवळ ठेवण्यास माझा विरोध आहे. बराकीत त्या बळजबरीने काढून घेतल्या जातात, साठवल्या जातात आणि कधी एकदम गिळल्याही जातात.

सिव्हिलची_सिस्टर
आपला अनुभव मान्य आहे, पण कुलूपबंद कपाटातल्या गोळीचा रात्री दोन वाजता कळवळणाऱ्या माणसाला काही उपयोग नाही. निदान एका रात्रीचा डोस नाव लिहिलेल्या पाकिटात पहाऱ्यावरच्या हवालदाराकडे द्यावा आणि तो दिल्याची वेळ नोंदवून घ्यावी.

निवृत्त_औषधनिर्माता
वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तसे लिहून दिले, तर हे मला मान्य आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम ३७ प्रमाणे, ज्या बंद्याची प्रकृती बिघडलेली दिसते त्याचे नाव देखरेखीवरील कर्मचाऱ्याने विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्याला कळवायचे असते. ते नाटक आहे की आजार, हे ठरवण्याचे काम शिपायाचे नाही. कलम ३८ तुमच्या अधिक कामाचे आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांचे निर्देश बंद्याच्या हिस्ट्री तिकिटावर (त्याच्या वैयक्तिक नोंदपत्रावर) दररोज नोंदवले जातात आणि प्रत्येक निर्देश पाळला गेला की नाही, हे तुरुंगाधिकाऱ्याला तिथेच तारखेनिशी लिहावे लागते. औषधे पुरवण्याचे आदेश यातून वगळलेले आहेत, म्हणून निर्देश रुग्णालयात हलवण्याविषयी आणि पाण्याविषयी लिहून घ्यावा. सही वैद्यकीय अधिकाऱ्यांचीच घ्या. परिचारिकेची नोंद पुरेशी नाही असे म्हणायला कोणाला वाव राहू नये.

कोर्टाची_पायरी
त्याला जोड म्हणून कैद्यांना द्यायच्या वागणुकीविषयी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील नियम २७ दाखवता येईल. वैद्यकीय निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घ्यावेत आणि इतर कर्मचाऱ्यांनी ते फिरवू नयेत, असे तो सांगतो.

सातपुड्याची_लेक
हेच हवे होते, मनापासून आभार. निर्देशात लक्षणे नेमकी कोणती लिहावीत? 'वेदना झाल्यास' एवढेच लिहिले, तर पुन्हा पॅरासिटामॉलवरच रात्र निघेल.

सिव्हिलची_सिस्टर
साडेअडतीस अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, अचानक पांढरे पडून पोट फुगणे, चार तासांपर्यंत न उतरलेली लिंगाची वेदनादायक ताठरता, आणि दिलेल्या गोळीने न थांबलेली वेदना. यांपैकी एकही दिसल्यास सकाळची वाट न पाहता पाठवावे, असे स्पष्ट लिहून घ्या. पोलीस गार्ड येईपर्यंतचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून गार्डची मागणी आणि रुग्णवाहिकेला फोन एकाच वेळी व्हावा, हेही त्यात येऊ द्या. त्याच्याच बराकीत पावरी आणि मराठी दोन्ही जाणणारा बंदी असेल, तर ही लक्षणे त्याला आजच समजावून सांगा.