घर बेकायदा असलं तरी पाडण्याआधी मालकाचं ऐकून घ्यायला हवं की नको?

महालकर
१७ मार्च २०२५ ला आपल्या नागपूरच्या महाल भागात हिंसाचार झाला आणि २४ मार्चला त्यातल्या एका आरोपीचं घर महापालिकेनं पाडलं. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कारवाई थांबवली, पण तोवर ते घर उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांनी न्यायालयाची माफी मागितली आणि सांगितलं की सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांची अधिकाऱ्यांना माहितीच नव्हती.

ते निर्देश १३ नोव्हेंबर २०२४ चे, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी दिलेले. गवईसाहेब याच खंडपीठात वकिली करून वर गेलेले. निकाल देशभर गाजला, टीव्हीवर दिवसभर चालला, आणि चार महिन्यांनी ते जिथं वकिली करत होते त्याच शहराच्या पालिकेला तो ठाऊक नाही! निकालात काय म्हटलंय? नोटीस मिळाल्यापासून किमान १५ दिवस. नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवा, घरावरही चिकटवा. म्हणणं ऐका, कारणं लिहून आदेश काढा, मग पुन्हा १५ दिवस थांबा, म्हणजे माणूस वर दाद मागू शकेल किंवा स्वतः बांधकाम काढून घेईल. पाडताना चित्रीकरण करा. हे मोडलं तर नुकसानभरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून.

दंगल करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. मी महालातच राहतो, त्या रात्री जळालेल्या गाड्या पाहिल्यात. पण शिक्षा कोर्ट देईल. घरात म्हातारी माणसं असतात, शाळेत जाणारी पोरं असतात, त्यांच्यावर कोणता गुन्हा आहे?

नाल्याकाठचा
भाऊ, तुमचं दुःख कळतं, पण आमचंही ऐका. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला वाट मिळाली नाही आणि डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत माणसं झोपेत असताना पाणी शिरलं. नदीनाल्यात घुसलेली बांधकामं वर्षानुवर्षं उभी राहतात ती याच नोटीस-सुनावणी-स्टेच्या चक्रामुळे. आम्ही नकाशा मंजूर करून, शुल्क भरून, जागा सोडून घर बांधलं. मग नियम पाळणारे मूर्ख ठरले काय?

आणि एक सांगतो, संपत्ती हा आता मूलभूत हक्क नाही. ४४व्या घटनादुरुस्तीनं तो काढून टाकला.

महालकर
नाल्याचा मुद्दा शंभर टक्के खरा, म्हणूनच निकालात तो वगळलाय. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी, जलाशय अशा ठिकाणच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागूच नाहीत. कोर्टानंच पाडायला सांगितलं असेल तिथंही नाहीत. म्हणजे नाग नदीतली अडचण हटवायला या निकालानं कुणाचेही हात बांधलेले नाहीत.

मूलभूत हक्क गेला हे बरोबर, पण त्याच दुरुस्तीनं कलम ३००-अ आलं: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता हिरावता येणार नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याच कलमातून नोटीस, सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला हे सगळं काढून दाखवलं.

हुडकेश्वरची ताई
बुलडोझर आला की बातमी होते. आमच्यासारख्यांचं काहून कोणी विचारत नाही? प्लॉट घेतला, रजिस्ट्री केली, पुढे कळलं त्यावर बगिच्याचं आरक्षण आहे. झालं! आर.एल. म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर मिळत नाही, नकाशा मंजूर होत नाही, बँक कर्ज देत नाही. बगिचाही होत नाही अन् मोबदलाही नाही. कार्यालयात गेलं की फाइल वर आहे म्हणतात. बाकीच्यांसाठी गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीविना पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायची, मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचं सारं घेतलं, आम्ही मात्र आरक्षणात अडकून राहिलो. घर पाडलं तर निदान दिसते तरी, हे तर कागदावरच हिरावून घेणं झालं ना!

धंतोलीचा वकील
ताई, तुमच्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचं कलम १२७ आहे. शहराचा विकास आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित केली नाही, तर मालकानं मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची पावलं नाहीत, तर आरक्षण संपतं. ही मुदत आधी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीनं वाढवली. मला ती वाढ पटत नाही. दहा वर्षं झोपलेल्या यंत्रणेला आणखी दोन वर्षं कशाला?

नाल्याकाठचा
वकीलसाहेब, तुमचे हे सगळे हक्क फी देऊ शकणाऱ्याचे आहेत. मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या मालकांचा सरकारी संपादनाविरुद्धचा खटला घ्या. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये. ‘प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाचं भौतिक साधन नाही’ एवढं कळायला बत्तीस वर्षं! हुडकेश्वरच्या ताईंनी तेवढं थांबायचं का?

महालकर
म्हणून तर कोर्टात जाण्याआधीचे १५ दिवस महत्त्वाचे. ज्याच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत त्याला निदान कागद घेऊन अधिकाऱ्यासमोर उभं राहता येतं. सुनावणी फुकट आहे. ती टाळली की उरते फक्त उच्च न्यायालयातली रिट याचिका, आणि ती गरिबाला परवडत नाही. तुमच्याच मुद्द्यावरून मी हे म्हणतोय.

हुडकेश्वरची ताई
वकीलभाऊ, ती १२७ ची नोटीस साध्या अर्जासारखी देऊन चालते का? आवक-जावकमध्ये शिक्का घेतला तर?

धंतोलीचा वकील
कलमाचा उल्लेख स्पष्ट हवा, नुसता अर्ज नको. रजिस्ट्री, सातबारा किंवा आखीव पत्रिका, आरक्षण दाखवणारा भाग नकाशा जोडा. नोटीस नियोजन प्राधिकरणाला द्या, पोच घ्या आणि ती तारीख जपा, कारण २४ महिने तिथूनच मोजतात.

नाल्याकाठचा
१५ दिवस मला मान्य, कधी नाकारले नव्हते. पण आदेश झाल्यावर सोळाव्या दिवशी काम झालं पाहिजे, नगरसेवकाचा फोन आला म्हणून नाही थांबलं पाहिजे. आणि नदीतल्या बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत म्हणता ना महालकर, मग पुढच्या पावसाआधी ती यादी पालिकेकडून मागायला माझ्यासोबत चला.